सोबती नेमका कुठपर्यंत?

मंडळी, विषय ‘दिव्यांग मतदारांसाठी मतदान कक्षाची मांडणी’ असा जाहीर झालाय, आणि मांडणीवर मी येणारच आहे. पण टेबलं कितीही नीट लावली तरी एक प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला गेला की सगळं वाया जातं. अंध मतदार आत येतो, शेजारी मुलगा असतो, आणि अधिकारी मुलाला विचारतो, “यांना अजिबात दिसत नाही का?” अहो, यादीत नाव कुणाचं आहे? विचारायचं ते मतदारालाच: “काका, बटण तुम्ही स्वतः दाबणार की सोबती हवाय?”

१९६१ च्या निवडणूक संचालन नियमांमधला ४९ एन हा नियम इथे सगळ्यांना माहीत आहे, पण तो शेवटपर्यंत वाचला जात नाही. अंधत्वामुळे किंवा शारीरिक दुर्बलतेमुळे मतदाराला चिन्ह ओळखता येत नसेल, किंवा मदतीशिवाय बटण दाबता येत नसेल, आणि केंद्राध्यक्षाची तशी खात्री झाली असेल, तर सोबती कक्षात, म्हणजे मशीन ठेवलेल्या आडोशात, जाऊ शकतो. दिसत नाही म्हटल्याबरोबर सोबत्याला आत ढकलायचं, असं त्यात कुठेही नाही. सोबती किमान १८ वर्षांचा हवा. एका दिवसात त्याने एकाच मतदाराचा सोबती व्हायचं, मत गुप्त ठेवीन असं आधी लिहून द्यायचं आणि केंद्राध्यक्षाने त्याची नोंद नमुना १४ अ मध्ये करायची. चालताना आधार लागतो पण बटण दाबता येतं, अशा मतदाराचा सोबती कक्षाच्या तोंडाशी थांबतो. मतदान कर्मचाऱ्यानेही आत डोकवायचं नाही. समजावायचंच असेल तर पुठ्ठ्याच्या नमुना बॅलट युनिटवर (बॅलट युनिट म्हणजे मशीनचा उमेदवारांच्या बटणांचा भाग), कक्षाबाहेर, उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींच्या देखत.

कुणी म्हणेल, घरचाच माणूस तर आहे, त्याच्यापासून काय लपवायचं? मंडळी, मताची गुप्तता सगळ्यात जास्त घरच्यांपासूनच लागते. हसताय, म्हणजे पटलंय. डोळस सुनेचं मत सासऱ्याला कळत नाही, मग अंध सासऱ्याचं मत सुनेला का कळावं?

आता स्वतः मत देणाऱ्या अंध मतदाराला काय लागतं ते बघा. केंद्राध्यक्षाकडे ब्रेलमधली नमुना मतपत्रिका असते. ती पाकिटात पडून राहिली तर तिचा उपयोग शून्य. मतदार आला की ती त्याच्या हातात द्यायची, बसायला खुर्ची द्यायची आणि घाई करायची नाही. ब्रेल न येणारे अंध मतदार पुष्कळ असतात. त्यांना यादी वाचून दाखवायची, पण पहिल्या नावापासून नोटापर्यंत पूर्ण. “कुणाला द्यायचंय, तेवढाच नंबर सांगतो” म्हटलं की गुप्तता तिथेच संपली. मतदार क्रमांक मनात धरून आत जातो.

बॅलट युनिटवर ब्रेल अंक निळ्या बटणाच्या उजव्या बाजूला असतात. म्हणून बोट बटणांवरून नाही, उजव्या कडेने अंकांवरून खाली न्यायचं. बटणं चाचपत गेलं तर चुकून एखादं दाबलं जातं, आणि पहिलं दाबलेलं बटण म्हणजेच मत. ते मागे घेता येत नाही. एका युनिटवर नोटासह १६ पर्याय मावतात. युनिटं दोन असतील तर पहिलं कोणतं हे आत जाण्याआधीच सांगायला हवं. न वापरलेली बटणं झाकलेली असतात, त्यामुळे शेवटचं उघडं बटण नोटाचं.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. कंट्रोल युनिटवरचं, म्हणजे मशीनच्या अधिकाऱ्याजवळच्या भागावरचं, बॅलट बटण दाबल्यावर आतल्या युनिटवर हिरवा दिवा लागतो, आणि तो अंध मतदाराला दिसत नाही. दिवा लागायच्या आधी त्याने बटण दाबलं तर मत नोंदलंच जात नाही. म्हणून कंट्रोल युनिटवरच्या अधिकाऱ्याने मोठ्याने म्हणायचं: “मशीन तयार आहे, दाबा.” आणि लांब बीप वाजेपर्यंत थांबायला सांगायचं. व्हीव्हीपॅटची, म्हणजे दिलेलं मत छापून दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी सात सेकंद दिसते, म्हणजे डोळसालाच दिसते. आपलं मत बरोबर पडलं का, हे अंध मतदाराला कुणालाही न विचारता तपासता येत नाही. बोलकी चिठ्ठी, हेडफोनवरून ऐकू येणारी, ही मागणी आपण सोडता कामा नये.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली, तेव्हा जाहीर केलेला विषय आता पळत पळत. व्हीलचेअरसाठी रॅम्पचा उतार १:१२ हवा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. कक्षाचं टेबल असं निवडा की खाली गुडघे जातील. दोन पायांमध्ये आडवी पट्टी असेल तर खुर्ची बाहेरच अडते आणि हात बटणापर्यंत पोचत नाही. व्हीव्हीपॅटची काच बसलेल्या माणसाच्या नजरेतून, स्वतः खुर्चीत बसून तपासा; खिडकीचा उजेड काचेवर पडला की चिठ्ठी वाचता येत नाही. केबल भिंतीच्या कडेने न्या. ती चाकाखाली आली तर लिंक एरर, म्हणजे मशीनचे भाग जोडलेले नसल्याची सूचना, येते आणि रांग थांबते. कर्णबधिर मतदाराला बीप ऐकू येत नाही. त्याला उमेदवारासमोरचा लाल दिवा आणि चिठ्ठी बघायला आधीच खुणेने सांगा. डाव्या हाताची तर्जनी नसेल तर शाई त्याच हाताच्या दुसऱ्या बोटाला लावायची, परत पाठवायचं नाही. आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मत द्यायचं असेल तर नमुना १२ डी हा अर्ज निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर पाच दिवसांच्या आत भरावा लागतो, म्हणून तो बीएलओने, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, घरी जाऊन, वेळेत द्यायला हवा.