नववीचं वर्ष

[दृश्य: जानेवारीतला शनिवार. तालुक्याच्या गावातलं परीक्षा केंद्र. फाटकाबाहेर पालक.]

पेपर साडेअकराला आहे, पण फाटकाबाहेर नऊपासूनच गर्दी. कुणी पहिल्या एसटीनं आलंय, कुणी मोटारसायकलवर पोराला मध्ये बसवून, कुणी चार घरांनी मिळून ठरवलेल्या जीपनं. आत बाकावर बसलेलं प्रत्येक मूल पाचवीतलं आहे. बाहेर थांबलेल्यांचा जीव टांगणीला लागलाय. आतल्यांना मात्र अजून तितकंसं काही वाटत नाही.

[दृश्य: प्रश्नपत्रिकेतली एक आकृती, जवळून.]

एक चौकोनी कागद. त्याची एकदा घडी घातली, मग आणखी एकदा, आणि कोपऱ्यात भोक पाडलं. कागद उघडला तर भोकं किती दिसतील, आणि कुठं कुठं? पर्याय चार. हातात कागद नाही, तो डोक्यातच उघडायचा. काही मुलं बाकाखाली तळहात मिटून-उघडून बघतात. मानसिक क्षमतेचे असे 40 प्रश्न. अंकगणिताचे 20, उतारे वाचून सोडवायचे भाषेचे 20. मिळून 80 प्रश्न, 100 गुण, दोन तास. पेपर मराठीतून देता येतो. उत्तर चुकलं तर गुण कापत नाहीत. पण यंदा हुकलं की हुकलंच, कारण सहावीच्या प्रवेशासाठी या परीक्षेला पुन्हा बसता येत नाही.

ही जवाहर नवोदय विद्यालयाची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेची, निवड परीक्षा. एका विद्यालयात सहावीच्या जागा 80. निवड झाली, तर बारावीपर्यंत सात वर्षं शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं सरकारी. नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून महिन्याला 600 रुपये घेतात. मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं यांना तेही माफ. सरकारी नोकरांच्या मुलांना मात्र जास्त भरावे लागतात.

[दृश्य: अमरावती. विद्यालयाची कमान, कमानीवर 'प्रज्ञानं ब्रह्म'.]

1971 साली पी. व्ही. नरसिंह राव आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री होते. नळगोंडा जिल्ह्यातल्या सर्वेल नावाच्या खेड्यात त्यांनी खेड्यातल्या हुशार मुलांसाठी एक निवासी सरकारी शाळा काढली. पुढे राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे मनुष्यबळ विकास खातं आलं, आणि सर्वेलची कल्पना देशभर न्यायचं ठरलं. 1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ती आली. पण 1985-86 मध्येच दोन शाळा प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या होत्या. एक हरियाणात झज्जरला, दुसरी आपल्या अमरावतीला. आज देशात साडेसहाशेच्या वर नवोदय आहेत. तामिळनाडूत एकही नाही, कारण त्रिभाषा सूत्राला तिथल्या राजकारणाचा विरोध आहे.

महाराष्ट्रातल्या नवोदयांचे पत्ते एकदा वाचून बघा. पुणे जिल्ह्याचं नवोदय शिक्रापूरला, नगरचं टाकळी ढोकेश्वरला. सांगलीचं पलूसला, कोल्हापूरचं कागलला, सोलापूरचं पोखरापूरला, सिंधुदुर्गचं सांगेलीला. गडचिरोलीचं तर घोटला. गोव्यात वाळपई आणि काणकोण. जिल्ह्याचं ठिकाण यात एकही नाही, आणि हे जाणूनबुजून केलेलं आहे. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना द्यायच्या हा नियम. त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं मूल ग्रामीण भागातल्याच शाळेत शिकलेलं हवं. किमान एक तृतीयांश जागा मुलींच्या.

[दृश्य: भिंतीवर रंगवलेली जाहिरात, 'नवोदय व स्कॉलरशिप मार्गदर्शन वर्ग'.]

आता जरा खटकणारी गोष्ट. घरी पुस्तकं नाहीत, इंग्रजीचा गंध नाही, असं मूलही पुढे यावं म्हणून या पेपरात आकृत्यांना निम्मे गुण ठेवले. आणि त्या आकृत्यांचेच क्लास निघाले. तालुक्या-तालुक्यात चौथी-पाचवीच्या मुलांसाठी निवासी वर्गसुद्धा आहेत. नऊ वर्षांचं पोर हॉस्टेलला ठेवायचं, कशासाठी? तर अकराव्या वर्षी सरकारी हॉस्टेलला नंबर लागावा म्हणून! दुसरीकडे जिल्हा परिषद शाळांतले गुरुजी आणि बाई आहेत. शाळा भरण्याआधी तास-दीड तास, एक पैसा न घेता, आरशातली प्रतिमा आणि विसंगत घटक घोटून घेतात. 'यंदा माझी तीन लागली' असं हे गुरुजी सांगतात, तेव्हा त्या आकड्यात त्यांच्या वर्षभराच्या सकाळी असतात. ऐंशीच्या यादीत दोन्हीकडची मुलं येतात. कुठली किती, हे यादी वाचून कळत नाही.

[दृश्य: जुलै. विद्यालयाच्या आवारात पत्र्याच्या ट्रंका. आई ट्रंकेवर नाव रंगवून घेते आहे.]

ट्रंक, कुलूप, दोन किल्ल्या. एक किल्ली करगोट्याला किंवा गळ्यात, दुसरी हाऊस मास्तरांकडे. हाऊस म्हणजे शाळेतल्या मुलांचे गट. ते चार, अरावली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी. देशातल्या कुठल्याही नवोदयात जा, नावं हीच. त्यामुळे पुढे तीस वर्षांचा अधिकारी आणि पन्नाशीचा डॉक्टर रेल्वेत भेटले, तरी पहिला प्रश्न 'कुठलं हाऊस?' हाच असतो.

पहाटे उठणं, पीटी, नाश्ता, प्रार्थना, तास, जेवण, दुपारचा अभ्यास, खेळ, हजेरी, पुन्हा अभ्यास. या अभ्यासाला इथं 'सुपरवाइज्ड स्टडी' म्हणतात. शिक्षक वर्गात बसलेले असतात, मुलं आपापलं करत असतात, अडलं तर उठून विचारतात. शिक्षकही आवारातच राहतात. शंका विचारायला शिक्षक रात्री आठ वाजताही सापडतो, ही सोय शहरातल्या महागड्या शाळेतही नसते. सीबीएसईच्या निकालात नवोदय वर असतं, त्याचं मोठं कारण हे आहे, असं माझं मत. 2025 मध्ये नवोदयचा दहावीचा निकाल 99.49 टक्के लागला आणि बारावीचा 99.29. त्या वर्षी सीबीएसईचा बारावीचा एकूण निकाल होता 88.39. अर्थात आधी चाळणी लावून घेतलेली मुलं आहेत, हेही त्या आकड्यामागे आहेच.

पण हॉस्टेल सगळ्यांना मानवतंच असं नाही. 2013 ते 2017 या पाच वर्षांत देशभरातल्या नवोदयांत 49 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यात दलित आणि आदिवासी मुलं निम्म्याच्या आसपास होती. हे छापून आल्यावर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं केंद्र सरकारला नोटीस काढली, आणि पूर्णवेळ समुपदेशक हवेत हा विषय पुढे आला. तोवर मुलांचं मन सांभाळायचं कामही हाऊस मास्तरांच्याच गळ्यात होतं. तास, मेस आणि रात्रीची हजेरी सांभाळून. या शाळांचं कौतुक करताना हा भाग गाळता येत नाही.

[दृश्य: रेल्वे स्टेशन. ट्रंका, बॅगा, सोबत दोन शिक्षक, वीस-बावीस मुलं-मुली.]

आणि मग येते नववी.

आठवीपर्यंत इथं मराठीतून शिकवतात. नववीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, समाजशास्त्र हिंदीतून. एवढ्यानंच कुणाचीही तारांबळ उडावी. पण त्याच वर्षी वर्गातली 30 टक्के मुलं वर्षभरासाठी हिंदी भाषिक राज्यातल्या जोडीच्या नवोदयात जातात, आणि तिकडची तितकीच मुलं इकडे येतात. याला 'मायग्रेशन' म्हणतात. जाणाऱ्यांची यादी लागते त्या दिवशी शाळेत दुसरा विषय नसतो.

पलूसकडचं पोर उत्तरेत जातं. तिथल्या मेसमध्ये भाकरी नसते. थंडी अशी की घरून आणलेलं स्वेटर पुरत नाही. आपल्याला हिंदी येतं ही समजूत पहिल्या आठवड्यातच जाते, कारण बारा-पंधरा हिंदी मुलं एकदम बोलायला लागली की टीव्हीवरचं हिंदी कामाला येत नाही. तिकडे जोडीच्या शाळेची भाषा तिसरी भाषा म्हणून शिकवतात. महाराष्ट्रातल्या शाळेशी जोडलेल्या नवोदयात त्यामुळे मराठीचे एक सर किंवा मॅडम असतात. घरापासून हजार किलोमीटरवर, फळ्यावर बाराखडी, आणि समोर ती गिरवणारी हिंदी भाषिक मुलं. आपली मुलं सुट्टीच्या दिवशी या सरांच्या क्वार्टरवर का घुटमळतात, ते सांगायला नको.

कॉलेजची तयारी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर अकरावी येते, क्लास येतात, जाडजूड मॉड्यूल येतात. नवोदयात ती तयारी नववीत होते, असं मला ठामपणे वाटतं. आयआयटीत, एम्समध्ये किंवा दिल्लीतल्या एखाद्या कॉलेजात खेड्यातलं मूल पहिल्या वर्षी गळपटतं, ते बहुतेकदा गणितानं नव्हे. भाषा परकी, जेवण परकं, खोलीतला सोबती वेगळ्याच जगातला. जेईई मेन आणि नीट मराठीतून देता येतात. पण पुढचा वर्ग मराठीतून भरत नाही. ज्यानं हे सगळं चौदाव्या वर्षी, घरची आठवण काढत का होईना, एकदा निभावलेलं असतं, त्याला अठराव्या वर्षी त्याचं नवल राहत नाही. मायग्रेशन बंद करा, अशी मागणी पालक अधूनमधून करतात. त्यांची काळजी खोटी नाही. तरीही माझं मत बदललेलं नाही.

[दृश्य: जून. दहावीचा निकाल लागलाय. आवारातून ट्रंका बाहेर निघताहेत.]

गंमत अशी की एवढं करून आणलेली मुलं दहावीनंतर शाळेच्या हातातून निसटायला लागतात. दहावीला नव्वदच्या पुढे गुण पडले की घरी फोन सुरू होतात. काका म्हणतात लातूरला टाका, मामा म्हणतात कोटा. लातूर पॅटर्नचा दबदबा महाराष्ट्रात सांगायची गरज नाही. फुकटची शाळा सोडून बाप कर्ज काढतो आणि पोराला खोलीवर ठेवतो. मागं रिकाम्या राहिलेल्या अकरावीच्या जागा बाहेरच्या मुलांना प्रवेश देऊन भरल्या जातात.

पालकांना दोष देणं सोपं आहे. पण त्यांचा हिशेब बघा. नवोदयचे शिक्षक बोर्डाचा अभ्यासक्रम उत्तम शिकवतात, निकाल समोर आहे. प्रवेश परीक्षेचा सराव हा वेगळा धंदा आहे, आणि तो शाळेच्या वेळापत्रकात बसत नाही. ही फट सरकारनं बऱ्याच अंशी दुसऱ्यांवर सोडली.

[दृश्य: पुणे जिल्ह्यातला खेड तालुका, कडूस. डोंगराच्या कुशीतला परिसर.]

त्या दुसऱ्यांमधलं ठळक नाव दक्षणा फाउंडेशन. मुंबईत जन्मलेले आणि अमेरिकेत गुंतवणूकदार म्हणून नाव कमावलेले मोहनीश पबराय यांनी 2007 मध्ये ते सुरू केलं. नवोदयच्या मुलांची एक परीक्षा घ्यायची, निवडलेल्यांना जेईई किंवा नीटची तयारी फुकट करून द्यायची. काही मुलांना ही तयारी अकरावी-बारावीतच मिळते, काही मुलं बारावीनंतर एक वर्ष देतात. त्या वर्षासाठी देशभरची मुलं इथं, राजगुरुनगरजवळच्या कडूसला, 'दक्षणा व्हॅली'त येतात. राहणं, जेवण, शिकवणं सगळं संस्थेचं. म्हणजे पाचवीत एक चाळणी, इथं दुसरी, जेईईची तिसरी. या तिन्हींतून पार पडलेल्या मुलांची छायाचित्रं भिंतीवर लागतात. दुसऱ्या चाळणीत मागं राहिलेलं मूलही त्याच ऐंशीतलं होतं, त्याच्यासाठी मात्र अशी आखलेली वाट फारशी नाही. अकरावीला बहुतेकांचा ओढा विज्ञानाकडे. वाणिज्य आणि मानव्यविद्या सगळ्या शाळांत नाहीत. कायदा, डिझाइन, अर्थशास्त्र असलं काही करता येतं, हे अनेकांना माजी विद्यार्थी भेटायला येतात तेव्हा कळतं.

[दृश्य: तहसील कचेरीच्या बाहेरचं सेतू केंद्र. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद.]

आणि एक तयारी कुठल्याच मॉड्यूलमध्ये नसते. कागदपत्रांची.

समजा, ओबीसी घरातली मुलगी आहे. तिच्याकडे राज्याचं नॉन-क्रिमिलेअर (एनसीएल) प्रमाणपत्र आहे, तीन वर्षांच्या मुदतीचं. घरचे निर्धास्त. राज्याच्या सीईटीतून प्रवेश घ्यायचा असेल तर सोबत जात वैधता प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी वर्षभर आधीपासून फाइल फिरायला हवी, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधायला हवा. आणि आयआयटी-एनआयटीच्या जागा वाटणाऱ्या 'जोसा'च्या पोर्टलवर यातलं काहीच चालत नाही. तिथं केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी-एनसीएल दाखला लागतो, आणि तोही त्याच वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेला. वडील शेतमजूर, मुलगी हॉस्टेलवर, सर्व्हर डाऊन, प्रांत साहेब दौऱ्यावर. सात वर्षांची मेहनत एका तारखेपाशी अडते.

या कामात माजी विद्यार्थ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप शाळेच्याही पुढे आहेत. दाखल्याचा नमुना पीडीएफमध्ये टाकलेला, कुठल्या तालुक्यात किती दिवस लागतात याचे अनुभव, राज्याच्या प्रवेश फेऱ्यांत, म्हणजे कॅप राउंडमध्ये, कॉलेजांचा क्रम कसा लावायचा यावर रात्री बारापर्यंत चर्चा. पाच वर्षांपूर्वी याच शाळेतून बाहेर पडलेली एखादी ताई नोकरीवरून घरी येते आणि एकेकीचा अर्ज उघडून तपासते.

[दृश्य: मोबाइलचा पडदा. व्हॉइस मेसेज सुरू होतो.]

'अगं, हा मार्चमधला आहे, हा नाही चालणार. बाबांना सांग, उद्या सकाळीच सेतूत जाऊन नवा अर्ज टाका म्हणावं. आणि नमुना सेंट्रलचा माग, ते न विचारता स्टेटचा काढून देतात.'