कल्ला उचलून बघावा तसं

[दृश्य: पहाट. पत्रादेवीचा नाका. पिंजऱ्यांनी भरलेला टेम्पो.]

अजून नीट उजाडलेलं नाही. रात्रभर चाललेले टेम्पो आता गोव्यात शिरताहेत. काही इथून, पत्रादेवीवरून. काही चोर्ला घाट उतरून केरीला, काही अनमोडवरून मोल्याला. आपल्याकडे खपणारी बहुतेक ब्रॉयलर कोंबडी अशी शेजारच्या महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून येते. पिंजऱ्यावर पिंजरा रचलेला, त्यामुळे वरच्या कोंबडीची घाण खालच्या कोंबडीच्या पिसांवर पडते. ही पिसं लक्षात ठेवा.

[दृश्य: रविवार सकाळ. डिचोलीजवळचं एक छोटं दुकान. रांग.]

"भाऊ, जिवंत दाखव आधी. आणि माझ्यासमोर काप."

रविवारी शागुती व्हायची आहे. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाचा मुलगा सुट्टीवर आलाय. प्रत्येकाला ताजी कोंबडी हवी. ही सवय आपल्याला मासळीने लावली. आई-आजीबरोबर बाजारात गेलेलं प्रत्येक पोर शिकतं की माशाचा कल्ला उचलून बघायचा. लाल असेल तर घ्यायचा, काळपटला असेल तर पुढच्या पाटीकडे जायचं. कोंबडीचा असा कल्ला उचलून बघता येत नाही. म्हणून आपण तिला जिवंत बघतो, डोळ्यांसमोर कापून घेतो आणि निर्धास्त होतो.

पण दहा मिनिटांपूर्वी जिवंत असलेली कोंबडीही घाणेरडी होऊ शकते, आणि ती होते आपण रांगेत उभे असतानाच.

[दृश्य: दुकानाचा मागचा भाग. कामगाराचे हात.]

सुरी फिरते, कोंबडी निळ्या पिंपात पडते. आत तडफडते, पंख आपटते. आधीच्या कोंबड्यांचं रक्त आणि पिसांवरची विष्ठा तिच्या अंगभर लागते. मग तिला बाहेर काढून साल सोलतात. पिसांना लागलेला तोच हात पुढच्या क्षणी उघड्या मांसावर असतो. पुढे पोट फाडतात. सुरी जरा खोल गेली की आतडं फुटतं. कोंबडीला सकाळी दाणा घातलेला असेल तर गळ्याजवळची अन्नाची पिशवीही भरलेली असते, तीही फुटते. म्हणून जाणता दुकानदार कापण्याआधी आठ ते बारा तास दाणा बंद ठेवतो आणि फक्त पाणी देतो. यासाठी एक पैसाही लागत नाही. आदल्या संध्याकाळी आठवण तेवढी ठेवावी लागते.

आणि आता ही बादली बघा.

[दृश्य: बादली. कॅमेरा इथे थांबतो.]

सात वाजता भरली तेव्हा पाणी नितळ होतं. साफ केलेली प्रत्येक कोंबडी यात बुडवून, हलवून बाहेर काढतात. आठ वाजता पाणी गुलाबी झालं. साडेनऊला ते तांबूस, दाट आहे. वर चरबीचा तवंग आहे, पिसाचा तुकडा तरंगतोय. चाळिसावी कोंबडीही यातच बुडते. तिला आपण 'धुतलेली' म्हणतो. खरं तर आधीच्या एकोणचाळीस कोंबड्यांच्या पोटातलं जे काही पाण्यात उतरलं, ते आता तिच्या अंगावर आहे.

त्यात काय असतं? साल्मोनेला असतो, कॅम्पिलोबॅक्टर असतो. हे जंतू धडधाकट कोंबडीच्याही आतड्यात राहतात. कोंबडी टुणटुणीत दिसते, तिला काही त्रास नसतो. त्रास आपल्याला होतो, आणि तोही लगेच नाही. साल्मोनेलाने आजारी पडायला सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो, कॅम्पिलोबॅक्टरने साधारण दोन ते पाच दिवस. बुधवारी रात्री पोटात मुरडा येतो, ताप चढतो. तोवर रविवारची शागुती कुणाच्या डोक्यात नसते. दोष मंगळवारी बाहेर खाल्लेल्या भेळीवर जातो. दुकानदारापर्यंत तक्रार पोचतच नाही, आणि बादली तशीच राहते. या धंद्यातली सगळ्यात मोठी अडचण मला हीच वाटते.

[दृश्य: पेडणे तालुका. दुसरं दुकान. भिंतीवर पत्र्याची चार नरसाळी.]

हे दुकानही तेवढंच लहान आहे. मात्र इथे पिंप नाही. भिंतीवर पत्र्याची मोठी नरसाळी ठोकलेली आहेत. कोंबडी डोकं खाली करून त्यात बसते, पंख आवळले जातात, त्यामुळे फडफड होत नाही. दोनेक मिनिटांत रक्त निथळून खालच्या पन्हळीत जातं. तिचेही हाल कमी होतात. बादलीऐवजी इथे पाइप आहे. वाहतं पाणी वरून पडतं आणि थेट गटारात जातं. सोलणारा माणूस एक, पोट साफ करणारा दुसरा, तुकडे करणारा तिसरा. उलट दिशेला कुणी फिरत नाही. माणूस एकटाच असेल तर मधे साबणाने हात धुवायचे आणि सुरी बदलायची. वापरलेली सुरी ८२ अंशांच्या पुढच्या गरम पाण्यात बुडवायची.

लाकडी ठोकळ्याबद्दलही बोलायला हवं. वर्षानुवर्षं सुऱ्याचे घाव खाऊन त्याला चिरा पडतात. चिरेत गेलेलं रक्त कापडाने पुसून निघत नाही. पांढरा, जाड प्लास्टिकचा ठोकळा घासता येतो आणि वाळतोही लवकर.

[दृश्य: भिंतीवरचं नोंदणीपत्र.]

कायदा आहे. अन्नसुरक्षा कायदा २००६ सालचा, त्याचे परवान्यांचे नियम २०११ चे. दिवसाला ५० पर्यंत कोंबड्या कापणाऱ्याने नोंदणी करायची, त्याची फी वर्षाला १०० रुपये. ५० च्या वर, १००० पर्यंत असेल तर राज्याचा परवाना. तो बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाच्या अखत्यारीत येतो. कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणीही नियमात आहे. ती व्हायलाच हवी. पहिला धोका त्यांनाच असतो. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू सापडला, भारतातला तो पहिलाच. तेव्हा आपण सगळ्यांनी चिकन खाणं बंद केलं. पिंजऱ्यात हात घालणाऱ्या माणसाची चौकशी किती जणांनी केली?

कागद भिंतीवर लागला म्हणून नळाला पाणी येत नाही. उसगावला मोठ्या जनावरांसाठी सरकारी कत्तलखाना आहे. कोंबडीचं सगळं काम मात्र दहा बाय दहाच्या गाळ्यात चालतं. मे महिन्यात टँकरवर दिवस काढणाऱ्या दुकानदाराला 'वाहतं पाणी वापर' म्हणून सांगणं सोपं आहे. बाजारात चार दुकानदारांना मिळून वापरता येईल अशी फरशीची जागा, गटार, गरम पाणी आणि एक मोठा फ्रीज हे पंचायतीने आणि पालिकेने द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य: रस्त्याकडेचा उतार. फाटलेली पोती, कुत्री, घारी.]

दोन किलोची जिवंत कोंबडी साफ केल्यावर तेराशे-चौदाशे ग्रॅम भरते. उरलेलं काय? रक्त, पिसं, आतडी, साल, पाय. चाळीस कोंबड्यांमागे पंचवीस किलोच्या आसपास. रोज उचलणारी गाडी नसेल तर रात्री पोतं इथे येऊन पडतं. पहिल्या पावसात ते व्हाळात उतरतं. त्याच व्हाळाच्या काठी पुढे कुणाची तरी विहीर असते.

[दृश्य: स्वयंपाकघर. विळी.]

घरी आल्यावर आपलंही थोडं चुकतं. पिशवी दुपारपर्यंत ओट्यावर राहते. कोंबडी नळाखाली जोराने धुतात, शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. त्याच विळीवर मग कोशिंबिरीची काकडी चिरतात. चिकन आणलं की लगेच फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात ठेवायचं. विळी आणि हात साबणाने धुवायचे. आणि हाडाजवळचं मांस गुलाबी राहणार नाही इतकं शिजवायचं. आत ७४ अंश उष्णता पोचली की हे जंतू मरतात. शागुती नीट रटरटली की ते होतं. काकडीला मात्र कुणी शिजवत नाही.

[दृश्य: पुन्हा डिचोलीचं दुकान. पुढचा रविवार.]

रांगेत एक आजी आहेत. हातात कापडी पिशवी. कोंबडी पसंत करून झाली. पैसे काढता काढता त्या गल्ल्याच्या बाजूने वाकून मागे बघतात. मासळीबाजारात कल्ला उचलून बघावा तसं.

"बाबा, ते पाणी ओत आधी. मग माझी धू."

दुकानदार क्षणभर थांबतो. बादली उचलतो, गटारात उपडी करतो आणि नळ सोडतो. आजींच्या मागचा माणूसही आता मान लांब करून आत बघतोय.