फलाटावर ठरलेलं शहर

नमस्कार श्रोतेहो.

परदेशात गेलं की आपण बहुतेक जण ठरलेल्या शहरांमध्ये फिरतो. तिथला मनोरा, तिथला पूल, तिथलं संग्रहालय, सगळ्यांचे फोटो आपण आधीच पाहिलेले असतात. प्रत्यक्ष गेल्यावर सगळं तसंच आहे ना, एवढं पडताळायचं आणि परत यायचं. त्यातही आनंद आहे, मी तो नाकारत नाही. पण आज मला वेगळ्या प्रवासाबद्दल बोलायचं आहे. शुक्रवारी दुपारी ठरवायचं, संध्याकाळी निघायचं आणि रविवारी रात्री परतायचं. आणि जायचं अशा शहरात, ज्याचं एकही चित्र आपल्या डोक्यात नाही. सोबत एकच मैत्रीण किंवा एकच मित्र. चार-पाच जण झाले की जेवायचं कुठे यावरच अर्धा दिवस जातो.

मी असा प्रवास केला तो त्रिएस्तेचा.

त्रिएस्ते हे इटलीच्या ईशान्य टोकाचं बंदर. नकाशात पाहिलं तर इटलीची एक चिंचोळी पट्टी समुद्र आणि स्लोव्हेनिया यांच्या मधून पुढे सरकत जाते आणि तिच्या टोकाशी हे शहर आहे. मार्च महिना होता. आम्ही दोघी कामासाठी व्हेनिसमध्ये होतो. काम शुक्रवारी दुपारीच आटोपलं. स्टेशनात गाड्यांचा फलक पाहत उभ्या होतो, तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "अगं, त्रिएस्ते! इथून गाडी जाते तिकडे?"

ती भौतिकशास्त्र शिकवते. शिकत असताना ग्रंथालयात तिने जे जुने शोधनिबंध चाळले, त्यांतल्या कित्येकांच्या पहिल्या पानावर दोनच शब्दांचा पत्ता छापलेला असायचा: मिरामारे, त्रिएस्ते. ते गाव कसं आहे, हे तिने कधी शोधलं नव्हतं, पण नाव मनात राहून गेलं होतं. मला तर तेवढंही माहीत नव्हतं. "जाऊ या?" "चल." बस, एवढंच बोलणं झालं.

अशा प्रवासाला निमित्त लागतं, पण ते छोटं चालतं, हे मी तुम्हाला अगदी मनापासून सांगते. माहितीचा ढीग नसला तरी हरकत नाही. कागदावर वाचलेलं एक नाव पुरतं, कारण त्या नावामागे काय आहे ही उत्सुकता दोन दिवस तुम्हाला चालवत नेते.

आणि हे इतकं ऐनवेळी जमतं, त्यामागे साध्या व्यवस्था आहेत. इटलीतल्या प्रादेशिक गाड्यांचं तिकीट आधी काढा नाहीतर गाडी सुटायच्या आधी काढा, दर तोच. त्या गाड्यांमध्ये आरक्षण नसतं, जिथे जागा मिळेल तिथे बसायचं. कागदी तिकीट असेल तर ते फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यायचा, हे मात्र आवर्जून करायचं. नाहीतर तपासनीस दंड करतो. व्हेनिसपासून त्रिएस्ते साधारण दोन तास. डब्यात उजव्या बाजूची खिडकी धरा. मोनफाल्कोने हे स्टेशन मागे पडलं की गाडी चुनखडीच्या कड्यावरून धावायला लागते आणि खाली एकदम अ‍ॅड्रिॲटिक समुद्र उघडतो. आम्ही गेलो तेव्हा ऊन कलत होतं. सगळा डबा, रोज येणारी-जाणारी माणसं धरून, खिडकीकडे वळला होता.

स्टेशनपासून चालत जाता येईल असं एक साधं हॉटेल मिळालं, तिथे सामान टाकलं. सामान म्हणजे काय, पाठीवरची एकेक पिशवी.

शनिवारी सकाळी आम्ही पियात्सा उनिता या मुख्य चौकात जाऊन उभ्या राहिलो. चौकाच्या तीन बाजूंना राजवाड्यांसारख्या इमारती आणि चौथी बाजू मोकळी, थेट समुद्राला लागलेली. मैत्रीण बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे इटली वाटतच नाही." मलाही तेच वाटत होतं. इमारतींचा थाट सरळ ऑस्ट्रियाच्या राजधानीचा, व्हिएन्नाचा होता. मग आमचा दिवस त्या एका प्रश्नामागे गेला: हे शहर नेमकं कोणाचं?

शोधत गेल्यावर कळलं ते असं. १३८२ मध्ये त्रिएस्ते ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हॅब्सबर्ग घराण्याच्या आश्रयाला गेलं. १७१९ मध्ये सम्राट सहावा चार्ल्स याने त्याला मुक्त बंदर, म्हणजे मालावर जकात न घेणारं बंदर केलं आणि कोळ्यांच्या लहानशा गावाचं व्यापारी शहर होऊ लागलं. १८५७ मध्ये व्हिएन्नाहून रेल्वे इथवर आली. एवढ्या मोठ्या ऑस्ट्रियन साम्राज्याचं समुद्राकडचं मुख्य दार म्हणजे हे शहर. चौकात समुद्राच्या कडेला जी भली मोठी इमारत आहे, ती ऑस्ट्रियन लॉइड या जहाज कंपनीची. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर या कंपनीच्या बोटी इथून थेट मुंबईपर्यंत जाऊ लागल्या. हे वाचलं आणि त्या इमारतीकडे मी पुन्हा एकदा, जरा निराळ्या नजरेने पाहिलं.

माझी एक सवय आहे. मी दारांवरच्या पाट्या वाचते. जुन्या इमारतींच्या दाराशी घंटीची बटणं असतात आणि प्रत्येक बटणापुढे राहणाऱ्याचं आडनाव. त्रिएस्तेत एकाच पट्टीवर इटालियन, स्लोव्हेन आणि जर्मन वळणाची आडनावं शेजारी शेजारी सापडतात. मैत्रीण पुढे निघून जायची आणि मी दाराशीच थबकलेली. विचार करा, १९१० मध्ये अशा एखाद्या घरात जन्मलेल्या माणसाने उंबरा न ओलांडता काय काय पाहिलं असेल. जन्म ऑस्ट्रियाच्या राज्यात. १९१८ नंतर इटली. १९४३ ते ४५ जर्मनांचा ताबा. मग चाळीस दिवस युगोस्लाव्ह फौजा. त्यानंतर ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करी प्रशासन. ते चालू असतानाच १९४७ मध्ये या भागाचा, कोणत्याच देशात नसलेला 'मुक्त प्रदेश' करण्यात आला. आणि १९५४ मध्ये पुन्हा इटली.

यात सगळं गोडीगुलाबीने झालं, असं मुळीच नाही. स्टेशनपासून जवळच 'नारोद्नी दोम' नावाची इमारत आहे. ते स्लोव्हेन लोकांचं सांस्कृतिक केंद्र. १३ जुलै १९२० रोजी फॅसिस्टांनी ते जाळलं. पुढच्या काळात स्लोव्हेन आडनावंसुद्धा बदलून इटालियन करायला लावली गेली. बरोबर शंभर वर्षांनी, १३ जुलै २०२० रोजी, ती इमारत स्लोव्हेन समाजाला परत करण्याचा करार झाला. इटली आणि स्लोव्हेनिया दोन्ही देशांचे राष्ट्राध्यक्ष तेव्हा हजर होते. घंटीपुढची ती आडनावं टिकून राहिली, यामागे किती माणसांचा चिवटपणा असेल! त्या दारापुढे उभं राहून मला भरून आलं होतं, हे मी लपवत नाही.

मैत्रिणीची सवय माझ्या उलट. ती पाट्या वाचत नाही, माणसांना विचारते. दुपारी वारा सुटला. त्रिएस्तेत बोरा नावाचा वारा वाहतो. शहराच्या मागे कार्स्ट नावाचं चुनखडीचं पठार आहे, त्यापलीकडे थंड हवा साचते आणि उतारावरून समुद्राकडे कोसळते. झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातात, कधी कधी त्याहून बरेच जास्त. आम्हाला मिळाला तो सौम्यच म्हणायचा, तरी कोपऱ्यावर वळलं की पुढचं पाऊल टाकायला जोर लावावा लागत होता. आम्ही आडोशाला एका कॉफीच्या दुकानात शिरलो. गल्ल्यापाशी एक वयस्क गृहस्थ उभे होते. मैत्रिणीने त्यांना सरळ विचारलं, "असा वारा असताना म्हातारी माणसं चालतात तरी कशी?" त्यांनी कप खाली ठेवला, बाहेर खांबाकडे बोट दाखवलं आणि इटालियन-इंग्रजीची मोडतोड करत सांगितलं, की पूर्वी बोरा सुटला की कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधत, ते धरून लोक रस्ता ओलांडत. मग त्यांनी दोन्ही मुठी एकापुढे एक सरकवून दाखवल्या. सांगताना चेहऱ्यावर शहराचा अभिमान दिसत होता. पाट्या वाचत फिरले असते तर मला ही माहिती कदाचित मिळालीही असती, पण ते हात मिळाले नसते.

कॉफीबद्दल थोडंच सांगते. हे इटलीतलं कॉफीचं मोठं बंदर आहे आणि मागण्याची रीतही इथली स्वतःची. साधी एस्प्रेसो हवी असेल तर 'नेरो' म्हणायचं. थोडं दूध घातलेली छोटी कॉफी म्हणजे 'कापो', आणि तीच काचेच्या छोट्या पेल्यात हवी असेल तर 'कापो इन बी'. संध्याकाळ आम्ही काफे सान मार्कोत काढली. १९१४ मध्ये सुरू झालेली ही जागा, पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियन सैनिकांनी मोडून टाकली होती. आज तिथे संगमरवरी टेबलं आहेत, भिंतींवर मुखवट्यांची चित्रं आहेत आणि आतच पुस्तकांचं दुकान आहे. कितीही वेळ बसा, कोणी उठवत नाही. आम्ही दोघी तिथे खूप वेळ न बोलता बसलो. जिच्याबरोबर असं बसता येतं तीच अशा प्रवासाला बरोबर घ्यावी, असं मला ठामपणे वाटतं.

रविवारी मिरामारे. शहरापासून समुद्राकाठाने बस जाते. कड्याच्या टोकावर पांढरा किल्ला, मागे मोठी बाग. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याचा धाकटा भाऊ मॅक्सिमिलियन याने १८५६ मध्ये तो बांधायला घेतला. तो आरमाराचा प्रमुख होता, म्हणून आपली अभ्यासिका त्याने 'नोव्हारा' या जहाजावरच्या खोलीसारखी करून घेतली. छत अंगावर आल्यासारखं खाली, सगळीकडे लाकूडकाम. त्याच नोव्हारावरून तो १८६४ मध्ये मेक्सिकोचा सम्राट व्हायला निघाला. तीन वर्षांनी तिथल्या प्रजासत्ताकवाद्यांनी त्याला गोळ्या घातल्या आणि त्याचा मृतदेह आणला तोही नोव्हारानेच. किल्ला बघायला येणारे बहुतेक जण ही कहाणी ऐकून परत फिरतात.

आम्हाला मात्र तो पत्ता शोधायचा होता. बागेला लागूनच, झाडांमध्ये, आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्र आहे. पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये ते स्थापन केलं. सुरुवात शहरातल्या एका चौकातल्या इमारतीत झाली आणि १९६८ मध्ये ते इथे मिरामारेला आलं. मैत्रीण बागेतल्या बाकावर बसून मला हे सांगत होती. सलाम केंब्रिजहून शिकून लाहोरला परतले, तेव्हा ज्यांच्याशी आपल्या विषयावर बोलावं असं आसपास कोणी नव्हतं. नवे शोधनिबंध वेळेवर मिळत नव्हते. शेवटी १९५४ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. आपल्यावर जी वेळ आली ती दुसऱ्यावर येऊ नये, म्हणून त्यांनी हे केंद्र उभारलं. गरीब देशांतल्या शास्त्रज्ञांनी काही आठवडे, काही महिने इथे यावं, जगभरच्या लोकांबरोबर काम करावं आणि ताजंतवानं होऊन आपल्या देशात परत जावं, ही त्यांची कल्पना. १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि त्यांच्या निधनानंतर केंद्राला त्यांचं नाव देण्यात आलं.

"म्हणजे ते निबंध लिहिणारे," मैत्रीण म्हणाली, "ह्याच रस्त्याने चालत जात असतील." एरवी ती भावुक होणारी नाही. पण केंद्राच्या फलकापुढे ती हात मागे बांधून बराच वेळ उभी होती आणि मी तिची घाई केली नाही. दूरच्या एका ग्रंथालयात बसलेल्या मुलीपर्यंत ज्यांचं लिहिणं पोचलं, त्यांच्या रस्त्यावर ती चालत आली होती. तिची सोबत नसती तर मी किल्ला पाहून, समुद्राचे फोटो काढून पहिल्या बसने परतले असते.

दुपारी मात्र आम्ही वेगळ्या झालो. तिला बंदराच्या धक्क्यावर नुसतं बसायचं होतं. मला रिझिएरा दी सान साब्बाला जायचं होतं. ती तांदूळ सडायची जुनी गिरणी. नाझींनी तिची छळछावणी केली आणि तिथे शवदाहिनी बांधली. आज ते राष्ट्रीय स्मारक आहे. उंच काँक्रीटच्या भिंतींमधल्या चिंचोळ्या वाटेने आत जावं लागतं. अशा ठिकाणी कोणाला ओढून नेऊ नये, आणि न येणाऱ्याबद्दल मनात काही ठेवूही नये. दोन दिवसांतले दोन-तीन तास वेगळे काढले, तर संध्याकाळी एकमेकींना सांगायला बरंच काही असतं. आमची परतीची गाडी त्या बोलण्यातच संपली.

तुमच्यापैकी कोणी असं निघणार असाल, तर पासपोर्ट जवळ ठेवा. शेंगेन करारातल्या युरोपीय देशांमध्ये सीमेवर एरवी कोणी थांबवत नाही, पण तपासणी केव्हाही होऊ शकते. आणि त्रिएस्तेहून सहज स्लोव्हेनियात जाऊन येता येतं, म्हणून हे विशेष. इटलीत रेल्वेचे संप होतात, ते आधी जाहीर होतात. निघण्यापूर्वी तेवढं बघून घ्या. रविवारी रात्री शेवटच्या गाडीवर विसंबू नका, तिच्या आधीची पकडा.

नमस्कार.