आजीच्या वाक्यातला कर्ता

(पडद्यावर: गांधीसागर तलावाचा काठ, पहाटेची वेळ.)

नागपूरच्या गांधीसागर तलावाजवळ आज जिथे मॉलची इमारत उभी आहे, तिथे पूर्वी एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली ही कापडगिरणी २००२ साली कायमची बंद झाली. माझी आजी या मिलच्या रीलिंग खात्यात होती, म्हणजे सुताच्या लडी करण्याचे काम तिच्याकडे होते, आणि तिच्याआधी तिची आईही त्याच खात्यात होती. आमच्या घरात घड्याळ उशिरा आले. तोवर भोंगा वाजला की चूल पेटायची आणि दुसरा भोंगा वाजायच्या आत माणूस फाटकाशी पोहोचलेले असायचे.

मी मराठीची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे आणि गेली दोन वर्षे या दोन बायकांविषयी लिहिण्याचा प्रयत्न करते आहे. मला त्यांच्यावर कथा लिहायची नाही. जे घडले तेच लिहायचे, मात्र ते लिहिताना प्रसंग, संवाद, बारकावे आणि लय ही कथाकाराजवळची सगळी अवजारे हाताशी ठेवायची, असा गद्याचा जो प्रकार आहे, त्यात मला त्यांना आणायचे आहे. मराठीत त्याला कोणी ललितगद्य म्हणतात, कोणी कथनेतर सर्जनशील लेखन म्हणतात. ‘ललित’ या शब्दाला आपल्याकडे पहिला पाऊस, प्राजक्ताचा सडा आणि आजोळचे अंगण असा एक सुगंध चिकटला आहे, आणि त्या सुगंधात मिलच्या खात्यातली कापसाची धूळ बसत नाही. एका लेखनस्पर्धेत मी आजीवरचा पहिला मजकूर पाठवला, तेव्हा परीक्षकांचा शेरा आला की हे ललित नाही, ही मुलाखत आहे. त्याखाली एका शब्दाभोवती लाल शाईचे वर्तुळ होते. तो शब्द होता ‘गेली’. आजीच्या तोंडचे वाक्य होते, ‘मी पाळीवर गेली.’ परीक्षकांनी समासात शुद्ध रूप लिहून दिले होते, ‘गेले’.

नागपूरकडच्या बायका ‘मी गेली’, ‘मी आली’ असेच म्हणतात. स्वतःविषयी बोलतानाही ‘ती गेली’ याच रूपाने बोलणारी माझी आजी प्रमाणभाषेत आणली की तिचे वय, तिची वस्ती आणि तिचे शिक्षण अशा तिन्ही गोष्टी एका मात्रेने पुसल्या जातात. त्या लाल वर्तुळाने मला दुखावले, हे खरे आहे. पण त्याच वर्तुळामुळे मी आजीच्या क्रियापदांकडे पाहू लागले, आणि या चित्रफितीत मला जे सांगायचे आहे ते तिथे सुरू होते.

(पडद्यावर: मोबाइल, शेजारी वही. आजीचा आवाज ऐकू येतो, चेहरा दिसत नाही.)

माझ्याजवळ आजीचे अकरा तासांचे ध्वनिमुद्रण आहे. ते उतरवून काढताना मला दिसले, की ती कामाविषयी बोलू लागली की तिच्या वाक्यातून ती स्वतः नाहीशी होते. ‘मी डबा नेला, मी लडी बांधल्या, मी सूत तोडले.’ शाळेत आपण सगळेच कर्मणी प्रयोग शिकलो आहोत. भूतकाळातले सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे जाते. डबा पुल्लिंगी म्हणून ‘नेला’, लडी स्त्रीलिंगी म्हणून ‘बांधल्या’, सूत नपुंसकलिंगी म्हणून ‘तोडले’, आणि हे सगळे करणारी बाई आहे की पुरुष, हे त्या वाक्याला विचारून कळत नाही. ती बाई म्हणून वाक्यात उतरते ती ‘मी गेली, मी बसली, मी पडली, मी रडली’ अशा ठिकाणी, जिथे तिच्या हातून काहीही घडवले जात नाही.

यावरून व्याकरणाला आरोपी करणे बरोबर होणार नाही. पुरुषाचेही कर्मणी प्रयोगात हेच होते आणि त्याच्या कामाला त्यामुळे कमीपणा येत नाही. पण लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही जागा फार मोलाची आहे. लिंगभाव म्हणजे केवळ वागण्याबोलण्याच्या रूढी नव्हेत. माझ्या भाषेत तो प्रत्येक वाक्याच्या शेवटाशी उभा असतो, आणि कधी समोर येतो तर कधी मागे सरतो.

ही गोष्ट माझ्या आधी माझ्यासोबत लिहिणाऱ्या एका व्यक्तीने वापरली, आणि अगदी वेगळ्या कारणासाठी. ही व्यक्ती ट्रान्सजेंडर आहे. स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात मान्य केला, परंतु बालपण लिहिताना ‘मी शाळेत गेलो’ लिहायचे की ‘मी शाळेत गेले’, हा प्रश्न कोणताही निकाल सोडवून देत नाही. पहिले रूप तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होते पण आतून खरे नव्हते, आणि दुसरे आज खरे आहे पण तेव्हा कोणी उच्चारू दिले नसते. शेवटी तिने बालपणाची सहा पाने अशी लिहिली, की त्यांत एकही अकर्मक भूतकाळ नाही. ‘मी दप्तर उचलले. मी दार लोटले. मी पाटीवर नाव लिहिले आणि पुसले.’ ज्या प्रयोगाने माझी आजी झाकली गेली होती, त्याच प्रयोगाने या मुलीला आडोसा दिला. ती पाने ऐकल्यानंतर मी घरी जाऊन आजीचे ध्वनिमुद्रण पुन्हा पहिल्यापासून ऐकले.

काही सकर्मक क्रियापदे मात्र हा नियम पाळत नाहीत. शिकणे, बोलणे, विसरणे ही त्यांतली. ‘मी संस्कृत शिकले.’ इथे कर्म असूनही क्रियापद कर्त्याशी जुळते आणि शिकणारी बाई आहे हे लपत नाही.

(पडद्यावर: ग्रंथालयाच्या मांडणीतले एक जुने पुस्तक.)

हे वाक्य मी उदाहरणादाखल सहज निवडलेले नाही. नागपूरच्या कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ १९८१ साली प्रसिद्ध झाले. दलित कुटुंबातली मुलगी संस्कृत शिकते, त्यात एम.ए. होते, हीच गोष्ट लोकांना कोड्यासारखी वाटावी याचे दुःख त्यांनी त्यात मांडले आहे. माहेरच्या आडनावाने त्या नोकरीसाठी हिंडल्या तेव्हा ती मिळाली नाही. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलले आणि मग संस्कृतच्या अध्यापनाची सरकारी नोकरी मिळाली. या नोकरीचे श्रेय आपल्या विद्येला द्यायचे की बदललेल्या आडनावाला, ही टोचणी त्यांनी लपवली नाही. या घटनेत एकही कल्पित प्रसंग घालण्याची गरज त्यांना पडली नाही, कारण बाईची जात लग्नाने बदललेली समजली जाते आणि पुरुषाची बदलत नाही, हे सत्य दोन आडनावे शेजारी ठेवताच वाचकासमोर उभे राहते. जात आणि लिंगभाव वेगवेगळ्या प्रकरणांत मांडणारी बरीच पुस्तके मला अभ्यासाला आहेत. या लेखनात त्या दोन्ही गोष्टी एकाच अर्जावर आलेल्या दिसतात.

मला मात्र असा पुरावा मिळाला नाही, आणि मी सर्वांत जास्त काळ जिथे अडले ती जागा हीच आहे.

आजीचा जन्म १९४१ चा. तिची आई, म्हणजे माझी पणजी, तिला कडेवर घेऊन बाबासाहेबांच्या परिषदेला गेली होती, असे आजी लहानपणापासून ऐकत आली. ती परिषद नागपुरातच झाली. १८ ते २० जुलै १९४२ या काळात अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली होती आणि २० तारखेला दलित महिलांची स्वतंत्र परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. एखाद्या समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांनी केलेल्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेब तिथे म्हणाले, आणि विवाहित स्त्रीने नवऱ्याची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे, त्याची गुलाम होण्यास नकार द्यावा, असेही त्यांनी सांगितले. परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीकत्वाविरुद्ध ठराव केला. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांत राबणाऱ्या स्त्रियांसाठी वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, इजा झाल्यास भरपाई आणि २० वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा किमान १५ रुपये निवृत्तिवेतन मागितले. हा ठराव मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझे डोळे भरून आले, कारण त्यातली गिरणीतली स्त्री माझ्या घरातली होती.

परिषदेच्या वृत्तांतात मी पणजीला शोधले. व्यासपीठावरच्या स्त्रियांची नावे तिथे आहेत. समोर बसलेल्या २० ते २५ हजार स्त्रिया आकड्याने येतात.

एका रात्री मी तो प्रसंग लिहून टाकला. जुलै महिना म्हणून पाऊस घातला. पणजीच्या अंगावर निळ्या काठाचे पांढरे लुगडे घातले, कडेवरच्या बाळाच्या डोक्यावर पदर धरला आणि भाषण संपताना तिला शेजारणीचा हात घट्ट धरायला लावला. मैत्रिणींना ते पान सर्वांत जास्त आवडले. सकाळी वाचताना माझ्या लक्षात आले, की पाऊस माझा होता, लुगडे माझे होते आणि तो हातही माझाच होता. आजीने सांगितलेल्या गोष्टी दोनच होत्या: कडेवर नेले, आणि तहान लागून बाळ रडले. मी ते पान फाडले. आधीच जिला कोणी नोंदवले नाही, तिच्या जागी मी माझ्या आवडीची बाई बसवली असती, तर ती दुसऱ्यांदा हरवली असती.

मग ज्याची नोंद नाही ते लिहायचे तरी कसे? मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये सिद्ध केले. त्यातून मला एक साधी गोष्ट मिळाली, की सांगणारीला झाकायचे नाही. आठवण आठवण म्हणूनच मांडायची आणि ती कोणाची आहे हे वाचकाला दिसू द्यायचे. आपल्या भाषेत त्यासाठी एक लहानसा शब्द आयताच आहे, ‘म्हणे’. गोष्ट ऐकीव आहे, तिची खात्री मी देत नाही, पण ती तुमच्यापर्यंत पोहोचवते आहे, एवढे सगळे तो एकटा सांगतो. मी लिहिले, ‘माझी पणजी आजीला कडेवर घेऊन त्या परिषदेला गेली होती म्हणे.’ या शब्दावर मी खूश होते.

ध्वनिमुद्रणातली सुमारे चाळीस मिनिटे या चित्रफितीत नाहीत आणि माझ्या लेखनातही येणार नाहीत. ती सांगताना आजी मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘हे नको लिहू बाप्पा.’ मी स्त्रीवाद शिकते आहे. घरात दडपलेले बोलावे, खाजगी समजले जाणारे चारचौघांत आणावे, हे मी निबंधांत अनेकदा लिहिले आहे आणि ते मला मनापासून पटते. विदर्भातल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्याने अस्वस्थ होऊन १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, तेव्हा त्यांनी ते धैर्य दाखवले म्हणून आज आम्ही लिहू शकतो. परंतु ताराबाईंच्या हाती आलेली घटना आधीच कोर्टात आणि वर्तमानपत्रांत पोहोचली होती. आजीची चाळीस मिनिटे फक्त माझ्या हाती आहेत. ती उघड करणे हा तिचा हक्क आहे, आणि तिने तो वापरायचा नाही असे ठरवले आहे. काहीतरी वगळले आहे एवढे सांगायलाही मी तिची परवानगी घेतली. ती क्षणभर विचार करून म्हणाली, ‘तेवढं सांग.’

(पडद्यावर: अंगणातली बाज. आजीचे हात, शेंगा सोलताना.)

मागच्या महिन्यात मी पूर्ण मसुदा आजीला वाचून दाखवला. तिने तो दोन दिवसांत ऐकला, कारण दुपारी तिचा डोळा लागतो. खात्यातल्या कामाचा क्रम मी एका ठिकाणी उलटा लिहिला होता, तो तिने सुधारून दिला. दुसऱ्या ठिकाणी, परीक्षकांच्या धाकाने मी तिच्या तोंडी ‘मी गेले’ घातले होते, तिथे ती हसली आणि म्हणाली, ‘असं कोण बोलते वं आपल्या घरात?’ मी ‘गेली’ परत आणले.

मग परिषदेचे वाक्य आले. तिचे हात थांबले.

‘म्हणे काहून? कोण म्हणे?’

मी तिला समजावले, की वृत्तांतात नाव नाही, फोटो नाही, म्हणून खात्रीने लिहिता येत नाही, आणि खोटे तर लिहायचे नाही. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मला वाटले होते की ती ‘म्हणे’ काढून टाक म्हणेल आणि मला नाही म्हणावे लागेल.

‘खात्री तू नको देऊ,’ ती म्हणाली. ‘मी सांगते नं. माझं नाव घाल तिथं.’

तिने वही मागून घेतली आणि प्रौढ साक्षरता वर्गात गिरवलेल्या अक्षरांत स्वतःचे नाव त्या ओळीच्या आधी लिहिले. शेवटचा शब्द मी खोडला. आता त्या पानावर तिच्या अक्षरातल्या नावापुढे माझ्या अक्षरात असे आहे: सांगते, की तिची आई तिला कडेवर घेऊन परिषदेला गेली होती, आणि तहान लागली म्हणून ती तिथे रडली.

(पडद्यावर: वहीचे ते पान. ध्वनी फक्त अंगणातला.)