टक्केवारीचा कागद आणि तहसीलची खिडकी

नमस्कार श्रोतेहो.

दिव्यांगांच्या योजनांचा विषय निघाला की गावात एक प्रश्न हमखास येतो. "कागदं सारे देले, मंग पैसे काऊन नाही आले?" याचं उत्तर बहुतेक वेळा कागदांच्या क्रमात सापडतं. आधी आधार, मग दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, मग तहसील आणि शेवटी बँक. हा क्रम मोडला की एकाच माणसाची चार ठिकाणी चार नावं होतात, आणि संगणकाला ती चार माणसं वाटतात.

म्हणून सुरुवात आधारपासून करा. नावाचं इंग्रजी स्पेलिंग, जन्मतारीख, पत्ता बघून घ्या आणि चुकलं असेल तर तिथंच दुरुस्त करा. मोबाईल नंबर चालू आणि घरातलाच द्या. केंद्रवाल्याचा नंबर टाकून अर्ज भरला, तर पुढचे सगळे निरोप त्याच्याकडेच जातात.

आता प्रमाणपत्र. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. त्याचा अर्ज स्वावलंबन पोर्टल या सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो. फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि पत्त्याचा पुरावा लागतो. आधीचं कायमस्वरूपी प्रमाणपत्र हाती असेल, तर अर्जात तसं नमूद करून तेच जोडा. नाहीतर अर्ज नवा धरला जातो आणि तपासणी पुन्हा होते. तपासणीला निघण्याआधी रुग्णालयात फोन करून वार विचारा. डोळ्यांचे, कानांचे, हाडांचे आणि मानसिक आजारांचे डॉक्टर एकाच दिवशी बसतीलच असं नाही. धारणीहून अमरावती किंवा भामरागडहून गडचिरोली म्हणजे अख्खा दिवस, वर सोबत्याची बुडालेली मजुरी.

तपासणीत काय बघतात ते माहीत असलं की चक्कर वाचते. नजर चष्मा लावून मोजतात, तेव्हा चष्मा घरी ठेवून जाण्यात फायदा नाही. एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा चांगला असेल, तर नियमाने 30 टक्केच दिव्यांगत्व मिळतं. लोकांना हे पटत नाही, पण त्यावर वाद घालून उपयोग नाही. कानात मळ असेल तर आधी काढून घ्या, नाहीतर तपासणी चुकते. लहान बाळ बटण दाबून सांगू शकत नाही, म्हणून त्याची बेरा चाचणी लागते, म्हणजे आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते यंत्रावर बघतात. तिची सोय कुठं आहे ते जिल्हा रुग्णालयात विचारून ठेवा.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण विदर्भात तो बऱ्याच घरांत आहे. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या कायद्याने ते 21 केले आणि सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया त्यात आले. तरीही हातपाय धड दिसतात म्हणून या रुग्णाला दिव्यांग मानायला घरचेच तयार नसतात. गावच्या शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी वाहक (स्वतः आजारी नसलेला, पण मुलांना आजार देऊ शकणारा) आणि रुग्ण यांतला फरक सांगत नाही, दोघांचीही पॉझिटिव्हच येते. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ततपासणीचा अहवाल लागतो. अहवालात एएस असेल तर तो वाहक, त्याला प्रमाणपत्र मिळत नाही. एसएस असेल तर तो रुग्ण, त्याने भरती झाल्याची सुटीची कार्डं आणि रक्त चढवल्याच्या नोंदी एका पिशवीत जपून न्या. आजार किती तीव्र आहे हे डॉक्टरांना त्यावरूनच कळतं. पावसाळ्यात कुडाच्या भिंतीला टांगलेली पिशवी भिजते, म्हणून मोबाईलमध्ये फोटोही काढून ठेवा.

बहुतेक योजनांची दारं 40 टक्क्यांना उघडतात. एस.टी.त 75 टक्के सवलत मिळते, आणि दिव्यांगत्व 65 टक्क्यांहून जास्त असेल तर सोबत्यालाही निम्मं भाडं. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि ती संपण्याआधी फेरतपासणीचा अर्ज करा.

तहसीलला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. वय 65 च्या पुढे असेल तर श्रावणबाळ योजनेचा. ऑक्टोबर 2025 पासून दोन्हींत दिव्यांगांना महिन्याला 2500 रुपये ठरले आहेत. संजय गांधी योजनेत दिव्यांगाच्या कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला 50,000 रुपये आहे, म्हणजे दिवसाला 137. कापूस वेचायला जाणारं घरही या आकड्यात बसवताना तलाठ्याला पेच पडतो, आणि ही मर्यादा वाढायला हवी हे आमचं स्पष्ट मत आहे. कुणाची नोंद विधवा किंवा निराधार म्हणून जुनी असेल आणि ती व्यक्ती दिव्यांगही असेल, तर यूडीआयडी क्रमांक नोंदीत चढला का ते संजय गांधी शाखेत विचारा. तो नसेल तर दिव्यांगांची 2500 ची वाढीव रक्कम अडकू शकते. हयातीचा दाखला दरवर्षी लागतो, हेही विसरू नका.

अनुदान आता आधारवरून थेट खात्यात जातं. इथं मोठी गफलत होते. दोन-तीन खाती असली, तर आधारशी शेवटी ज्या बँकेची जोडणी झाली तिथंच पैसे पडतात. दुसऱ्याच योजनेसाठी पोस्टात खातं उघडलं आणि तिथं आधार जोडलं, की अनुदान तिकडे वळतं आणि जुन्या पासबुकात नोंदच दिसत नाही. "आधार कोणत्या बँकेला सीड, म्हणजे जोडलेलं, आहे?" असं नेमकं बँकेत विचारा. कुष्ठरोगाने बोटं गेलेल्यांचे किंवा राबून रेषा झिजलेल्यांचे ठसे उमटत नाहीत. त्यांनी डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवून मागावी.

राहिली ग्रामपंचायत. स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजाराचा कर मिळून 2 लाख जमले तर 10,000 रुपये. गावात 20 दिव्यांग असले तर वाट्याला 500. वाटून टाकण्यापेक्षा शाळेच्या किंवा दवाखान्याच्या पायरीशी उतार बांधला तर तो वर्षानुवर्षं कामी येतो, पण ते गावानं ठरवावं. ग्रामसभेत वसुलीचा आकडा मागा आणि दिव्यांगांच्या नोंदवहीत आपलं नाव आहे का ते तिथंच वाचून घ्या.