दोन घंट्यांचा निरोप

श्रोतेहो, नमस्कार.

नागपुरात बर्डीवर पत्ता विचारणाऱ्याला आपण देतो ती माहिती, बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर मिळते तीही माहिती, आणि लग्न जुळवताना मुलाकडच्यांची ‘माहिती काढली’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याच शब्दाचा अर्थ आणखी निराळा होतो. 2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने तर कागदपत्रे, अभिप्राय आणि परिपत्रके यांच्याबरोबर नमुन्यांनाही माहिती म्हटले आहे, त्यामुळे सरकारी रस्त्यावर टाकलेल्या गिट्टीचा नमुनासुद्धा आपण माहिती म्हणून मागू शकतो. मला मात्र आज अशा माहितीविषयी बोलायचे आहे, जी कोणत्याही कागदावर नसते आणि जी ऐकणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक आहे यावरच उभी असते.

1995 च्या जुलैमधली गोष्ट आहे. आम्ही तेव्हा नागपूरच्या महाल भागात राहत होतो आणि माझा थोरला भाऊ पहिल्या नोकरीवर रुजू होण्यासाठी एसटीने चंद्रपूरला निघाला होता. बाहेरगावचा फोन महाग असल्याने घरात असे ठरले होते, की त्याने पोचल्यावर बूथवरून फोन लावावा, दोन घंट्या वाजू द्याव्यात आणि ठेवून द्यावा. उचललाच नाही तर पैसे पडत नसत. अडचण असेल तर मात्र त्याने फोन वाजतच ठेवायचा होता, म्हणजे आम्ही तो उचलला असता. दोन घंट्या म्हणजे सुखरूप, एवढाच आमचा करार होता.

त्या रात्री पाऊस कोसळत होता. नऊच्या सुमारास फोन वाजला, पण एकदाच, आणि गप्प झाला. एका घंटीचा अर्थ आम्ही ठरवलेलाच नव्हता. बाबा म्हणाले, पावसाने लाइन खराब झाली असेल; आईला वाटले, हा दुसऱ्याच कुणाचा चुकलेला फोन आहे आणि मुलगा अजून वाटेतच अडकला आहे. आजी तेवढी शांत होती. ती म्हणाली, “पोट्टा पोचला. ज्याला अडचण असते, तो फोन ठेवत नाही.” आईचे तेवढ्याने समाधान झाले नाही आणि ती पहाटेपर्यंत फोनजवळच्या खुर्चीवर बसून राहिली.

सकाळी भावाचा फोन आला. तो म्हणाला, “बाबा, मी दोन घंट्या नीट मोजल्या होत्या.” त्याचे खरे होते आणि आमचेही खरे होते. फोन लावणाऱ्याच्या कानात जो सूर वाजतो, तो टेलिफोन एक्स्चेंजमधून, म्हणजे फोन जोडून देणाऱ्या केंद्रातून येतो. समोरच्या घरातली घंटी वेगळी वाजवली जाते आणि या दोन्हींचा ताल जुळेलच असे नसते. म्हणजे, श्रोतेहो, त्याने दोन पाठवल्या आणि आम्हाला एकच मिळाली.

1948 साली, म्हणजे आपले आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले त्याच वर्षी, क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने माहिती मोजण्याचे माप मांडले. निरोपाचा अर्थ त्याने बाजूला ठेवला आणि निरोपामुळे आपली अनिश्चितता किती कमी झाली, एवढेच मोजले. मे महिन्यात नागपुरात ऊन आहे हे कळवणाऱ्या पत्रात फारशी माहिती नसते. त्याच दिवशी गारा पडल्या हे कळवणाऱ्या पत्रात ती पुष्कळ असते. गोंगाटातून निरोप शाबूत पोचवायचा असेल, तर त्यात काही जादा भर घालावी लागते, हेही त्याच्या सिद्धान्तात आहे, आणि म्हणूनच निवेदक तुम्हाला फोन क्रमांक दोनदा सांगतात. क्रमांक दोनदा सांगतात, कारण एखादा आकडा निसटला तरी दुसऱ्या वेळी तो कानी पडतो. माझे तर असे मत आहे, की मुलांना निरोप नीट सांगण्याची आणि ऐकलेला निरोप परत म्हणून दाखवण्याची सवय शाळेतच लावली पाहिजे. फोन हाती आल्यापासून ही सवय घराघरांतून सुटत चालली आहे.

आमच्या घरी त्याच आठवड्यात करार बदलला. भावाने दोन घंट्यांनंतर फोन ठेवायचा, मिनिटभर थांबायचे आणि पुन्हा लावायचा. वाजल्या किती हे कुणी मोजायचे नाही, फोन दोनदा आला की नाही एवढेच पाहायचे. दिवाळीची सुट्टी संपवून तो परत गेला त्या रात्री फोन वाजला आणि थांबला. आई उठून फोनपाशी गेली, पण तिने हात लावला नाही. मिनिटभराने तो पुन्हा वाजला, तेव्हा आजी म्हणाली, “आता जेवायला वाढ.”