शोधा, वगळा, परत पाठवा : आसामचा अर्धवट राहिलेला करार

(दृश्य : धुबरी, आसाम-बांगलादेश सीमा. ब्रह्मपुत्रेचं रुंद पात्र, मधे वाळूची बेटं.)

धुबरी ओलांडली की ब्रह्मपुत्रा बांगलादेशात शिरते. पात्रातल्या या बेटांना इथे ‘चर’ म्हणतात. पुरात एखादा चर वाहून जातो, पाणी ओसरलं की दुसरीकडे नवा वर येतो. अशा जमिनीत कुंपणाचा खांब टिकत नाही. धुबरीतला 61 किलोमीटरचा सीमापट्टा असा आहे. तिथे कॅमेरे, रडार आणि सेन्सर यांची यंत्रणा सुरू झाली मार्च 2019 मध्ये. सीमा बंद करण्याचं वचन मात्र 1985 च्या आसाम करारातलं, म्हणजे केंद्र सरकार आणि आसामी आंदोलकांमधल्या समझोत्यातलं, कलम 9 मधलं. 25 मार्च 1971 पासून आलेल्या परकीयांना शोधायचं, मतदारयादीतून वगळायचं आणि परत पाठवायचं, हेही त्यातच ठरलं होतं.

(दृश्य : जुन्या मतदारयाद्या.)

1979 मध्ये मंगलदै लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली आणि मतदारयादीतली अनेक नावं परकीयांची आहेत अशा हरकतींचा ढीग पडला. त्यातून सहा वर्षांचं आसाम आंदोलन उभं राहिलं. फेब्रुवारी 1983 मध्ये नेल्लीत एका दिवसात दोन हजारांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक बंगाली मुस्लिम, त्यांत बायका आणि मुलं फार. प्रश्न सोडवला नाही की त्याची किंमत कोण मोजतं, हे तेव्हाच दिसलं होतं.

त्याच वर्षी दिल्लीने ‘बेकायदा स्थलांतरित (न्यायाधिकरणांद्वारे निश्चिती) कायदा’ आणला. तो लागू झाला फक्त आसामात. देशात इतरत्र 1946 च्या परकीय नागरिक कायद्याप्रमाणे आपण परकीय नाही हे संबंधित माणसाने सिद्ध करायचं. आसामात ते ओझं तक्रारदारावर आणि सरकारवर आलं. तक्रारदार त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीतला हवा. सुरुवातीला तर तीन किलोमीटरच्या आतला. सोबत दोन प्रतिज्ञापत्रं आणि शुल्क. शेजाऱ्याविरुद्ध असा अर्ज किती जण करणार? एप्रिल 2000 पर्यंत तीन लाखांवर चौकश्या झाल्या, 10,015 जण बेकायदा ठरले, प्रत्यक्ष बाहेर गेले 1,481. पश्चिम बंगालमधून जुन्याच कायद्याखाली 1983 ते 1998 दरम्यान 4,89,046 जणांना परत पाठवलं गेलं. हे आकडे सर्वोच्च न्यायालयापुढे आले आणि 12 जुलै 2005 रोजी कायदा रद्द झाला. बावीस वर्षं तो रद्द करण्याची हिंमत संसदेने केली नाही. मतांचं गणित दोन्ही बाजूंना मोडायचं नव्हतं, असं आम्हाला स्पष्ट वाटतं.

(दृश्य : नागरिक सेवा केंद्राबाहेरची रांग.)

मग आली राष्ट्रीय नागरिक नोंदणी (एनआरसी), म्हणजे आसामातल्या भारतीय नागरिकांची यादी, तीही सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली. अर्जदाराने आधी 1951 च्या अशाच जुन्या नोंदणीत किंवा 24 मार्च 1971 पर्यंतच्या मतदारयादीत आपल्या आजोबा-वडिलांचं नाव शोधायचं. मग त्यांच्याशी आपलं नातं दाखवणारा कागद जोडायचा. गाडी अडते ती या दुसऱ्या पायरीवर. एका यादीत नाव एक, दुसरीत त्याचं स्पेलिंग वेगळं. लवकर लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलीकडे जन्मदाखला नाही, शाळेचा दाखला नाही. असतो तो फक्त ग्रामपंचायत सचिवाचा दाखला, आणि तोही 2017 मध्ये न्यायालयीन वादात सापडला. चरावरच्या घराचे कागद तर घरासकट वाहून गेलेले.

31 ऑगस्ट 2019 रोजी अंतिम यादी लागली. 3,11,21,004 नावं आत, 19,06,657 बाहेर. वगळलेल्या माणसाला 120 दिवसांत परकीय न्यायाधिकरणात, म्हणजे माणूस परकीय आहे की नाही हे ठरवणाऱ्या मंचापुढे, अपील करता येतं, पण त्यासाठी नाव का नाकारलं याचा लेखी आदेश हातात लागतो. पाच वर्षं उलटली तरी ते आदेश वाटले गेले नाहीत. भारताच्या महानिबंधकांनी यादी अधिसूचितही केली नव्हती. खरा घुसखोर त्यामुळे निश्चिंत राहिला, आणि खरा नागरिक टांगणीला लागला.

परकीय ठरलेल्याला परत पाठवायचं, तर त्याचं नाव-गाव पडताळून बांगलादेशाने त्याला आपला म्हणावं लागतं. त्यासाठी दोन देशांत ठरलेली, मुदतीची प्रक्रिया हवी. आसाम कराराच्या मजकुरात तिचा एक शब्दही नाही.